‘इंजिनला हात लावलेला नाही’ : जुन्या गाडीच्या एका सौद्याचं प्रकरण

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास भाच्याचा फोन आला. कन्नडच्या घाटात गाडी उभी होती, बोनेटमधून वाफ येत होती आणि सूनबाई पदर डोक्यावर घेऊन कठड्याच्या सावलीत बसली होती. बहिणीला माहेरपणाला आणायला दोघं छत्रपती संभाजीनगरला निघाले होते. "मामा, रेडिएटरचं झाकण उघडून पाणी ओतू का?" मी फोनवर ओरडलोच. तापलेला रेडिएटर म्हणजे वाफ कोंडलेला कुकर. झाकण सैल केलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. "इंजिन बंद कर, सावलीत बसा, कशालाही हात लावू नको," एवढं सांगितलं आणि चाळीसगावातून ओळखीच्या पोराला टोचन करायला पाठवलं. दिवेलागणीला गाडी माझ्या अंगणात येऊन उभी राहिली.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. इंजिन मला कळतं, कायदा कळत नाही. तो या प्रकरणात शिकावा लागला. पुढचं सगळं मी वहीत तारीखवार लिहून ठेवलं होतं. त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली. खासगी माणसाकडून घेतलेली गाडी खराब निघाली तर ‘गाडी खराब आहे’ हे दाखवून फारसं काही हाती लागत नाही. विकणाऱ्याने काय सांगितलं होतं आणि त्याला खरं काय माहीत होतं, या दोन गोष्टी दाखवाव्या लागतात.

जानेवारीतला सौदा

भाचा भडगावकडे माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. त्याला घरच्यांसाठी डिझेल गाडी हवी होती. ऑनलाइन जाहिरात दिसली: २०१५ चं मॉडेल, ‘सिंगल ओनर, रनिंग ७८ हजार, इंजिनला हात लावलेला नाही, एक रुपयाचं काम नाही’. विकणारे गृहस्थ अमळनेर तालुक्यातले, कापूस लावणारे शेतकरी. त्यांना मी इथे नुसतं नाना म्हणतो. दूरची सोयरीकही निघाली. सोयरीक निघाली की आपल्याकडे अर्धी चौकशी तिथेच थांबते.

पाहायला मलाच जायचं होतं. पण माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. भाच्याने फोनवर इंजिनचा आवाज ऐकवला, मी म्हणालो, "आवाज चांगला आहे, घेऊन टाक." ती चूक माझी. आवाजात हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा भाग यांच्यामधलं पातळ सील) ऐकू येत नाही, आणि एक प्रश्न मी विचारायला हवा होता तो विचारला नाही : तू पोचलास तेव्हा इंजिन थंड होतं का? नंतर भाच्याने आठवून सांगितलं, तो गेला तेव्हा बोनेट कोमट होतं. नाना म्हणाले होते, आताच शेतातून आलो. गाडी गरम करून ठेवली की पहिल्या सेल्फचा धूर, थंड इंजिनमध्ये रेडिएटरला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत येणारे बुडबुडे, सगळं झाकलं जातं. त्यामुळे सकाळी लवकर, न सांगता आधी पोचून बोनेटवर हात ठेवून पाहणं हे टेस्ट ड्राइव्हपेक्षा महत्त्वाचं आहे असं मी आता सगळ्यांना सांगतो.

सौदा ३ लाख ८५ हजारांत ठरला. ५० हजार रोख इसार, ३ लाख १५ हजार आरटीजीएसने. राहिलेले २० हजार गाडी नावावर झाल्यावर द्यायचे, कारण आरसीवर बँकेची एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, तशीच होती. कर्ज फिटलं होतं, पण ती नोंद काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो, ते नानांनी ‘पुढच्या आठवड्यात’ करून देतो म्हटलं. पुढचा आठवडा एप्रिल संपला तरी आला नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या होत्या, पण ते फाइलीतच पडून राहिले.

आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर सौदा पावती झाली. तिच्यात टायपिंगवाल्याचं नेहमीचं वाक्य होतं : ‘गाडी आहे त्या स्थितीत पाहून, तपासून घेतली असून पुढे कोणतीही तक्रार चालणार नाही.’ घाटात गाडी बंद पडल्यावर भाच्याला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटत होती.

न उघडता काय दिसलं

दुसऱ्या दिवशी आखाजी. घरात पुरणाचा वास, आणि भाचा माझ्या मागे लागलेला, मामा, आजच हेड खोला. मी खोललं नाही. खोललं असतं तर त्याच संध्याकाळी दोष कळला असता आणि पुरावा संपला असता. पुढे नाना म्हणाले असते, तुमच्याच मिस्त्रीने बिघडवलं. म्हणून आधी जे न खोलता दिसतं ते पाहायचं ठरवलं, मोबाइलवर व्हिडिओ घेत, आणि माझ्या नात्यात नसलेल्या एका गॅरेजवाल्याला शेजारी उभं करून.

इंजिन रात्रभर थंड झालेलं. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत कडेला पिवळा गाळ. बोटावर घेऊन वास घेतला : हळद. रेडिएटर किंवा गॅस्केट गळत असेल तर रस्त्यावर वेळ मारून नेण्यासाठी पाण्यात हळद टाकणं हा जुना जुगाड आहे. ती फुगून बारीक भोकं बुजवते. पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते, म्हणजे आजचं गळणं थांबतं आणि उद्याचं तापणं वाढतं.

मग सेल्फ मारला. मिनिटभरात पाण्याच्या बाटलीत बुडबुडे सुरू झाले, आणि पाणी तापायच्या आतच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक झाला. याचा अर्थ सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. हेड ॲल्युमिनियमचं असतं. एकदा जास्त तापलं की ते किंचित वाकतं, मग मधलं गॅस्केट दाब धरत नाही. गॅस पाण्याला बाहेर ढकलतो, पाणी कमी झालं की इंजिन अजून तापतं, आणि हे चक्र घाटात पूर्ण होतं. ऑईलच्या झाकणाखाली चहात दूध जास्त झाल्यासारखा मळकट थर होता. पाणी ऑईलमध्येही थोडं उतरत होतं.

तरीही या सगळ्यातून एवढंच ठरतं की गाडी खराब आहे. नानांनी म्हटलं असतं, मला कुठे ठाऊक होतं? मला महत्त्वाच्या वाटल्या त्या दोन गोष्टी वेगळ्याच होत्या. रेडिएटरचा फॅन ‘डायरेक्ट’ केलेला होता : मूळ वायरिंग सोडून वेगळी वायर ओढून चावी फिरवल्याबरोबर सुरू होणारा. आणि हाउसिंगमध्ये थर्मोस्टॅट नव्हता, काढून टाकलेला. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. इंजिन तापेपर्यंत तो बंद राहतो, साधारण ८० अंशांच्या वर उघडतो. दरवाजाच काढला आणि फॅन कायम चालू ठेवला तर थंडीच्या दिवसांत आजारी इंजिनसुद्धा गार दिसतं. जानेवारीपासून भाचा मला सांगत होता, "मामा, या गाडीचा काटा वर चढतच नाही, किती भारी आहे." तापमानाचा तो काटा पावावरच राहायचा आणि डिझेलही जास्त लागायचं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. काटा अर्ध्याच्या खाली अडकून राहणं ही तब्येतीची खूण नव्हे.

फॅन आपोआप डायरेक्ट होत नाही, थर्मोस्टॅट आपोआप नाहीसा होत नाही. कुणीतरी गाडी तापते म्हणून गॅरेजला नेली होती. शिवाय हेडच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे होते आणि कडेने राखाडी सीलंट बाहेर आलेलं, म्हणजे हेड आधी एकदा उतरलेलं होतं. आणि जाहिरातीत लिहिलं होतं, इंजिनला हात लावलेला नाही.

तो व्हॉइस मेसेज

मी भाच्याला विचारलं, पाणी कमी होतंय हे तू नानांना कधी कळवलं होतंस का? त्याने मोबाइल चाळला. फेब्रुवारीत त्याने विचारलं होतं, "नाना, कूलंट पंधरा दिवसांत अर्धा लिटर कमी होतंय, नॉर्मल आहे ना?" उत्तरात नानांचा व्हॉइस मेसेज होता, मोकळ्या अहिराणीत : "टेन्शन नका ल्या भाऊ, दोन सालपाईन असंच शे. पानी टाकत ऱ्हावानं, बस."

दोन वर्षांपासून असंच आहे.

हे वाक्य नानांनी लबाडीने म्हटलं नव्हतं, धीर द्यायला म्हटलं होतं. पण आमच्या हातातला हा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला. भाचा तो मेसेज स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवायला निघाला होता. त्याला थांबवलं. मोबाइल तसाच जपायचा, चॅट पुसायचं नाही, फोन बदलायचा नाही. नंतर वकिलांनीही हेच सांगितलं. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला तर बरं पडतं. जाहिरात मात्र तोपर्यंत काढली गेली होती. नशिबाने भाच्याने ती जानेवारीत बायकोला पाठवली होती, तिच्या मोबाइलमध्ये ती पूर्ण मजकुरासह सापडली.

वकिलांच्या ओसरीवर

माझे एक स्नेही तालुका कोर्टात वकिली करतात. त्यांच्याकडे भाचा ‘ग्राहक मंचात जाऊ’ असं ठरवूनच गेला होता. त्यांनी पहिल्याच मिनिटाला ती वाट बंद केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ धंदा म्हणून माल विकणाऱ्याविरुद्ध चालतो. नाना गाड्यांचा धंदा करत नाहीत, त्यांनी स्वतःची एक गाडी विकली. जिल्हा आयोगात तक्रार टिकणार नाही. हीच गाडी एखाद्या जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेतली असती तर गोष्ट वेगळी होती.

मग वस्तू विक्री कायदा, १९३०. त्याचं कलम १६ मला त्यांनी वाचून दाखवलं. मालाच्या दर्जाची न बोललेली हमी कायदा सहसा धरत नाही. धंद्याने विकणाऱ्यासारखे काही अपवाद आहेत, खासगी विक्रेता त्यांत बसत नाही. घेणाऱ्याने बघून घ्यावं, हाच नियम. इथपर्यंत ऐकून भाच्याचा चेहरा पडला.

पण विक्रेत्याने तोंडाने किंवा लिहून जे सांगितलं, त्याची जबाबदारी त्याच्यावर येते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. खोटं आहे हे माहीत असून खरं म्हणून सांगणं हीही फसवणूक, आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं हीही फसवणूक. नुसतं गप्प बसणं मात्र सहसा फसवणूक धरत नाहीत. नाना गप्प बसले असते तर आमची बाजू लंगडी पडली असती. ते बोलले, लिहिलं, आणि फॅन डायरेक्ट करून ठेवला. कलम १९ प्रमाणे असा करार फसवला गेलेला माणूस रद्द करू शकतो. ‘तुम्हाला साध्या चौकशीने कळलं असतं’ हा बचाव निव्वळ मौनाला किंवा अजाणता केलेल्या चुकीच्या विधानाला मिळतो, जाणूनबुजून बोललेल्या खोट्याला मिळत नाही. ‘आहे त्या स्थितीत’ हे स्टॅम्पवरचं वाक्यही अशा खोट्याला झाकत नाही. हे ऐकल्यावर भाचा त्या दिवशी पहिल्यांदा पाणी प्यायला.

वकिलांनी दोन सूचना दिल्या. पहिली : आजपासून गाडी चालवायची नाही. फसवणूक कळल्यावरही गाडी वापरत राहिलात तर तुम्ही सौदा मान्य केला असं समोरचा म्हणेल. दुसरी : पोलिसांत तक्रार करायची तर खरी फसवणूक झाली म्हणून करा, पैसे काढायला धाक म्हणून नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा आहे खरा, पण पहिल्यापासून अप्रामाणिक हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि असं प्रकरण बहुधा ‘दिवाणी आहे’ म्हणून परत येतं. आम्ही ती वाट घेतली नाही. मला ते आजही बरोबर वाटतं. सोयरिकीतल्या माणसाच्या दारात पोलीस नेले की मग पैशांचं बोलणं होत नाही.

दिवाणी दाव्याला फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाई नव्हती. आधी भाच्याने साधं पत्र लिहिलं, मग वकिलांची नोटीस गेली, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. त्यात दोष लिहिले, व्हॉइस मेसेजचे शब्द जसेच्या तसे लिहिले, दोन गॅरेजची एस्टिमेट जोडली, आणि एक वाक्य माझ्या आग्रहावरून घातलं : गाडी अजून उघडलेली नाही, तुम्ही किंवा तुमचा मिस्त्री येऊन पाहू शकता, १५ दिवस वाट पाहू.

अमळनेरला

बाराव्या दिवशी नानांचा फोन आला, मी एकटाच जाऊन भेटलो. ओट्यावर पाणी, चहा, मग पाच मिनिटं पावसाच्या अंदाजाच्या गप्पा. मग ते म्हणाले, "मामा, गाडी मी फसवासाठी दिन्ही नही." दोन उन्हाळ्यांपूर्वी गाडी तापली होती, गॅरेजवाल्याने हेड उतरवून गॅस्केट टाकलं, रेडिएटर नवा घ्यायला सांगितला. कपाशीला भाव नव्हता, त्यांनी तो घेतला नाही. फॅन डायरेक्ट करून घेतला. जाहिरात पोराने लिहिली. मला त्यांचं बोलणं बहुतेक खरं वाटलं. पण पोराने लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं, आणि भाचा समोर बसून ‘इंजिनचं काही काम केलंय का’ विचारत होता तेव्हा त्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं. मी तेही त्यांना सांगितलं. ते खाली बघत राहिले.

भाच्याला गाडी परत देऊन सगळे पैसे हवे होते. न्यायाने तेच योग्य होतं. पण ते पैसे बोअरवेलमध्ये आणि सोसायटीच्या कर्जात गेले होते. कोर्टाने हुकूम दिला असता तरी वसुलीला वर्षं लागली असती.

बोलणं पुढे सरकलं ते एका वेगळ्याच मुद्द्यावर. गाडी अजून कागदोपत्री नानांच्या नावावर होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. दोघांनीही ते केलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार, गाडी कितीही वेळा विकलेली असो. घाटात वाफ येऊन थांबण्याऐवजी कुणाला धडक बसली असती तर नानांच्या दारात समन्स आलं असतं. हे मी धमकी म्हणून सांगितलं नाही. आमचीही तेवढीच चूक होती. भाच्याने विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेतला नव्हता. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा तसा आपोआप येत नाही. गाडी जळाली असती तर आम्ही हात चोळत बसलो असतो.

ठरलं असं : उरलेले २० हजार भाच्याने द्यायचे नाहीत, नानांनी २५ हजार लगेच आणि २० हजारांचा एका महिन्यानंतरचा चेक द्यायचा, आठ दिवसांत एचपी काढून गाडी नावावर करून द्यायची. म्हणजे एकूण ६५ हजार. नवा कागद झाला, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. चेक एकदा परत आला. त्यावर ३० दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते हे वकिलांनी आठवण करून दिलं, पण नोटीस जायच्या आधीच नानांनी रक्कम भरली.

इंजिन नानांच्या मिस्त्रीसमोरच उघडलं. हेड वाकलं होतं, तडा नव्हता. धुळ्याला मशीनवर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, आणलं. नवं गॅस्केट, रेडिएटर, वॉटर पंप, होज, थर्मोस्टॅट, फॅनचं वायरिंग मूळ जागी, ऑईल, मजुरी धरून ५८ हजार ७०० रुपये झाले. टोचन आणि वकिलांचा खर्च वेगळा. इंजिनापुरते पैसे जवळपास भरून निघाले.

मीटरचे मात्र बुडाले. पावसाळ्यात भाचा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेला. त्यांनी आरसी बघून आधीच्या सर्व्हिसची यादी दाखवली. २०२१ मधली शेवटची नोंद होती १ लाख १२ हजार ४०० किलोमीटरची. जानेवारीत मीटर ७८ हजार दाखवत होता. ही चौकशी सौद्याआधी करायची, निदान तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी तरी. कारण त्या कागदात आम्ही लिहून दिलं होतं, ‘या गाडीबाबत आता कोणतीही तक्रार शिल्लक नाही.’ वकील म्हणाले, हाही खोटेपणा तेव्हा लपवलेला होता म्हणून भांडता येईल, पण लढाई लांबेल. माझ्या अंदाजाने बाजारभावात ५० हजारांचा तरी फरक होता. मला भांडायचं होतं. भाचा म्हणाला, "मामा, आता बस." गाडी त्याची, पैसे त्याचे, मी गप्प बसलो, पण मला ते पटलेलं नाही.

सर्व्हिस सेंटरची ती यादी त्याने छापून आणली आणि आरसीच्या फोल्डरमध्ये ठेवली. त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘मीटर मागे फिरवलेला आहे. २०२१ मध्ये १,१२,४००. हेड दोनदा उतरलं आहे.’ खाली तारीख घातली. ज्या दिवशी तो ही गाडी विकेल त्या दिवशी घेणाऱ्याच्या हातात पहिला हाच कागद द्यायचा, असं त्याने सूनबाईलाही सांगून ठेवलं आहे.